मदत हवी आहे: शो संपल्यावर रात्री परभणीला परत कसं यायचं?

निळाडबा: अर्जंट. शनिवारी शो आहे, इमो अकूस्टिक बँड, दोन गिटार आन एक कहोन (वर बसून वाजवायचा लाकडी खोका) बस, ड्रमबिम काही नाही, नववीपासून ऐकायलोय यांना आन आत्ता कुठं लाइव्ह सापडलेत. तिकिटं काढली. येवढंच सांगा, शो संपल्यावर देवगिरी एक्सप्रेस भेटंल का? बाकीचं ज्ञान नको प्लीज.

मोंढानाका: कुठून भेटंल? मुंबईहून का सिकंदराबादहून? देवगिरी दोन्हीकडं पळती भाऊ.

निळाडबा: मुंबईच ना यार. लोअर परळ, जुन्या मिलच्या आवारातला हॉल. गेट संध्याकाळी ७ ला उघडतं.

मोंढानाका: मग विसर. देवगिरी सीएसएमटीहून साडेनऊच्या आसपास सुटती. गेट ७ म्हणजे कोणीतरी नवखं पोरगं आधी अर्धा तास गिटार जुळवत बसणार, तुझे लोक साडेआठच्या आत स्टेजवर येत नसतेत.

तुटकातंबोरा: १० ला संपणारच, नियम आहे.

मोंढानाका: तो उघड्यावरच्या लाऊडस्पीकरला. बंद हॉल आहे हा, गणपतीचा मांडव नाही. आन १० ला संपला तरी गाडी गेलेलीच की!!

सोयाबीन_भाव: इमूच्या नादी लागू नका. आमच्या काकानं पाळले होते, अंडी घ्यायला येतो म्हणणारी कंपनी पुन्हा फोन उचलंना. शेवटी खाद्याला पैसे नाहीत म्हणून सोडून दिले.

तुटकातंबोरा: काका, इमू नाही, इमो 😂 १९८० च्या दशकात वॉशिंग्टनच्या हार्डकोर पंक रॉकमधून निघालेला गाण्याचा प्रकार. अकूस्टिकमधे ऐकायचं तर डॅशबोर्ड कन्फेशनल बँडचं २००२ चं एमटीव्ही अनप्लग्ड बघा, गाणाऱ्यापेक्षा पब्लिकच जास्त गातंय.

मोंढानाका: म्हणजे रडगाणं. पोरगी सोडून गेली का दोन हजाराचं तिकीट काढून सगळ्यांनी मिळून रडायचं. आमच्याकडं हे काम भजनी मंडळ फुकटात करतं.

तुटकातंबोरा: भजनात कोण रडतंय? कायपण.

साखरझोप: निळाडबा, त्या दोघांना भांडू दे. रात्र मुंबईत काढ, सकाळी सव्वासहाची तपोवन पकड, संध्याकाळी परभणीत. उठणं होत नसेल तर दुपारी १:१० ची वंदे भारत आहे, आता नांदेडपर्यंत जाते. लोअर परळ वेस्टर्न लाइनला येतं, सीएसएमटीला जायचं तर सेंट्रल लाइनच्या करी रोडपर्यंत चालत जा, जवळच आहे. मोठी बॅग हॉलमधे घेत नाहीत, सीएसएमटीच्या क्लोकरूमला ठेव पण कुलूप लाव, बिनकुलपाची ते घेत नाहीत. आणि "तिकिटं" लिहिलंयस, सोबत कोण आहे?

निळाडबा: बहीण. बारावीला आहे. तिच्यामुळंच तर रात्री थांबता येईना, आई नको म्हणायली.

साखरझोप: हे आधी नाही का सांगायचं! हॉलमधे बार आहे का?

निळाडबा: असंल. आम्हाला काय करायचंय त्याचं, मी गाडीचं विचारलं होतं.

साखरझोप: तिकिटाखालच्या अटी वाच.

सोयाबीन_भाव: इमूचं तेल गुडघ्याला चांगलं असतं म्हणायचे. घरात दोन बाटल्या पडून आहेत, कोणी घेतं का?

निळाडबा: वाचल्या. सगळ्यात खाली बारीक अक्षरात, २१ च्या पुढंच, ओरिजिनल आयडी दाखवा, पैसे परत नाही. ती १७ ची आहे. काळं नेलपॉलिश आणून ठेवलंय तिनं, घरी लावलं तर आई ओरडंल म्हणून गाडीत लावणार होती. सगळी गाणी पाठ आहेत, माझ्यापेक्षा जास्त.

साखरझोप: आयोजकांना मेल टाकून बघ. पण दारातून परत पाठवतात, मी बघितलंय. तिला गाडीत बसायच्या आधीच सांग.

निळाडबा: ती क्लासला गेलीय. सातला येईल.

मोंढानाका: ऐक ना, ती नाही आली तर दुसरं तिकीट कुणाला देणारेस? मी हल्ली ठाण्यालाच असतो.

निळाडबा: रडगाणं म्हणालास ना मघाशी?

मोंढानाका: इनबॉक्सात ये.