घरचा रोजचा स्वयंपाक: वेळ आणि पैसा नेमका कुठे वाचतो? आपले अनुभव लिहा

रोजचा स्वयंपाक कमी वेळात आणि कमी खर्चात कसा उरकावा, यावर सल्ले पुष्कळ मिळतात. मात्र त्यांतले बरेचसे अशा कुटुंबासाठी लिहिलेले वाटतात, जिथे कोणी आजारी पडत नाही, कोणाला कामावरून यायला उशीर होत नाही आणि कोणी ताटातली भाजी बाजूला सारत नाही. म्हणून हा धागा सल्ल्यांसाठी नसून अनुभवांसाठी आहे. कृपया पाककृती देऊ नयेत. त्याऐवजी आपल्याकडे किती माणसे जेवतात, स्वयंपाक कोण करते, वेळ कशात जातो (ठरवण्यात, निवडण्या-चिरण्यात, शिजवण्यात की भांडी घासण्यात) आणि कोणत्या बदलामुळे खरोखर फरक पडला, हे सविस्तर लिहावे. जो उपाय आपल्याकडे टिकला नाही, तोही कारणासह आला तर वाचणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल. प्रत्यक्ष शेगडीवरचा वेळ हा एकूण वेळेतला लहान हिस्सा असतो, असे माझे मत बनले आहे. पुढच्या अनुभवांनी ते खोडून काढले तरी हरकत नाही.

दोघेही नोकरीला, घरात दोन शाळकरी मुले

आमच्याकडे सर्वांत जास्त वेळ "आज काय करायचे" या प्रश्नातच जात असे. दोघेही दमून आलेले असताना हा प्रश्न विचारला की उत्तर मिळत नाही, फ्रिज तीनदा उघडून बंद होतो आणि अखेरीस बाहेरून काहीतरी मागवले जाते. आठवड्याचा पूर्ण तक्ता करण्याचा उपाय टिकला नाही, कारण एक दिवस चुकला की पुढचा सगळा क्रम कोलमडत असे आणि ठरलेल्या पदार्थासाठी आणलेली भाजी पडून राहत असे. त्यामुळे आता आम्ही पदार्थ ठरवत नाही, प्रत्येक वाराला फक्त मुख्य जिन्नस नेमून दिला आहे: एका दिवशी डाळ, एका दिवशी अंडी, एका दिवशी भिजवलेले कडधान्य, आणि आठवड्यातला एक दिवस केवळ उरलेसुरले संपवण्यासाठी. त्या जिन्नसाचे काय करायचे, ते ज्याच्या हातात त्या दिवशी कालथा असेल त्याने ठरवावे.

दुसरी गोष्ट पैशाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची ठरली. घरात एका 'राखीव जेवणा'चे सामान कायम असते: तांदूळ, सोललेली डाळ, कांदे आणि बटाटे. यासाठी बाजारात जावे लागत नाही, काही आधी भिजवावे लागत नाही आणि अर्ध्या तासात सगळे जेवायला बसू शकतात. या जेवणाची तुलना आपण नेहमी दुसऱ्या घरच्या जेवणाशी करतो आणि मग ते साधे वाटते. वास्तविक ते ज्या मागवलेल्या जेवणाची जागा घेते, त्याच्या बिलाशी त्याची तुलना केली पाहिजे.

पाळीनुसार काम करणारी परिचारिका

माझी पाळी बदलती असल्याने मी घरी नसताना घरच्यांना गरम करून घेता येईल असे अन्न तयार ठेवणे, हाच माझा मुख्य मार्ग आहे. मी वेगळा स्वयंपाक करीत नाही. जे करायचे तेच दुप्पट करते आणि निम्मे गोठवते. चिरणे, परतणे आणि भांडी घासणे हे श्रम दुप्पट होत नाहीत, जेमतेम थोडे वाढतात. विशेषतः कांदा मंद आचेवर नीट परतायला लागणारा वेळ एका कांद्याला आणि सहा कांद्यांना फारसा निराळा नसतो. म्हणून परतलेला कांदा-टोमॅटो मी बर्फाच्या साच्यात गोठवते आणि नंतर त्याचे तुकडे पिशवीत भरून ठेवते. घाईच्या दिवशी दोन तुकडे भांड्यात टाकले की निम्मे काम झालेले असते.

परंतु साठवणुकीच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे, आणि इथे थोडे विस्ताराने लिहिते. शिजवलेले अन्न साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जितका वेळ राहील तितकी जिवाणूंना वाढायला संधी मिळते. त्यामुळे मोठ्या पातेल्यात झाकून ते रात्रभर ओट्यावर ठेवणे सर्वथा टाळावे. पसरट, उथळ भांड्यात काढले तर ते लवकर निवते, आणि दोन तासांच्या आत ते फ्रिजमध्ये जायला हवे. फ्रिज ४ अंशांवर किंवा त्याखाली असावा; तिथे बहुतेक शिजवलेले पदार्थ तीन ते चार दिवस ठेवता येतात. भाताबाबत मी याहूनही कडक आहे. तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवण्यातूनही टिकतात, आणि भात उबदार जागी पडून राहिला तर त्यातून वाढणारे जिवाणू असे विष तयार करू शकतात की जे पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. "चांगले उकळवून घेऊ, म्हणजे झाले" हा समज भाताला लागू पडत नाही. भात लगेच निववून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. इतर अन्न गरम करताना नुसते कोमट न करता मध्यभागापर्यंत वाफाळेल असे, म्हणजे सुमारे ७४ अंशांपर्यंत, तापवावे.

गोठवण्यासाठी मी पिशव्या आडव्या, पातळ थरात ठेवते. पातळ थर लवकर गोठतो आणि लवकर वितळतो. काचेच्या बरणीत रस्सा गोठवायचा असल्यास वर जागा सोडावी, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि बरणी तडकते. पिशवीवर पदार्थाचे नाव आणि तारीख लिहिलीच पाहिजे. गोठलेला तपकिरी गोळा डाळीचा की रश्श्याचा हे कोणालाही ओळखता येत नाही.

निवृत्त विज्ञानशिक्षक, घरात दोघेच

धागाकर्त्यांचे मत मला अर्धेच पटते. शेगडीवरचा वेळ लहान असेल, परंतु इंधनाचा सगळा खर्च त्याच वेळात होतो. पत्नीच्या गुडघेदुखीमुळे स्वयंपाकघर माझ्याकडे आले आणि वर्गात शिकवलेले पदार्थविज्ञान तिथे रोज हाताशी आले.

पाणी एकदा उकळू लागले की आच कितीही वाढवली तरी उघड्या भांड्यात त्याचे तापमान सुमारे १०० अंशांवरच राहते. मोठ्या आचेने बटाटा लवकर शिजत नाही, फक्त पाणी लवकर आटते. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण ३३५ किलोज्यूल ऊर्जा लागते, तर तेच पाणी संपूर्ण वाफ करायला त्यानंतर सुमारे २२५० किलोज्यूल लागते. उकळी आल्यावर आच कमी करून झाकण ठेवणे हा त्यामुळे केवळ जुन्या माणसांचा कंजूषपणा म्हणून सोडून देण्यासारखा विषय नाही. झाकणाखालून जी वाफ निघून जाते, ती आपण पैसे देऊन तयार केलेली असते.

प्रेशर कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी सुमारे १२० अंशांना उकळते आणि म्हणून कडधान्ये उघड्या भांड्यापेक्षा कितीतरी लवकर शिजतात. ही युक्ती नवी नाही. डेनिस पापँ याने असे भांडे १६७९ मध्ये तयार केले होते आणि दाबावर नियंत्रण ठेवणारी सुरक्षाझडपही त्याचीच. एकदा पूर्ण दाब आला की आच इतकी मंद करावी की दाब टिकेल पण शिट्यांमागून शिट्या होणार नाहीत. डाळीसारखा पदार्थ असेल तर मी थोडे आधीच शेगडी बंद करतो, कारण दाब आपोआप उतरेपर्यंत आत शिजण्याची क्रिया चालूच असते.

चिरण्याबाबत एक गणित सांगण्यासारखे आहे. तुकड्याची जाडी निम्मी केली तर उष्णता गाभ्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ निम्मा होत नाही, साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो. घाईच्या दिवशी बटाट्याच्या मोठ्या फोडी करणे म्हणूनच महागात पडते. याउलट टोमॅटो किंवा कोणतेही आंबट कडधान्यात सुरुवातीलाच घातले तर ते शिजायला हट्टाने वेळ लावते. आम्लामुळे दाण्यांच्या पेशी एकमेकींपासून लवकर सुट्या होत नाहीत. आंबट नेहमी दाणा मऊ झाल्यावर घालावे. खाण्याच्या सोड्याची चिमूट काम लवकर करते हे खरे असले, तरी तिच्यामुळे ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो, म्हणून मी ती वापरत नाही.

आठवड्याचा स्वयंपाक एकाच दिवशी करण्याविषयी

या पद्धतीचे कौतुक सगळीकडे वाचायला मिळते, पण आमच्याकडे तिने सुट्टीचा दिवस तेवढा खाल्ला. चौथ्या दिवशी त्याच चवीला मुले कंटाळत आणि उरलेले तसेच राही. म्हणजे वेळही गेला आणि अन्नही. याऐवजी अर्धवट तयारी मात्र टिकली आहे. कडधान्य उकडून ठेवणे, पालेभाजी निवडून कोरडी करून ठेवणे, लसूण सोलून ठेवणे, एवढेच. चव रोज वेगळी ठेवता येते आणि कंटाळवाणे काम आधीच झालेले असते.

एकटा पालक, मुलगी नऊ वर्षांची

माझा अनुभव जवळजवळ पूर्णपणे कडधान्यांचा आहे, कारण महिन्याच्या खर्चात सर्वांत मोठा फरक त्यांनीच पाडला. डब्यातली तयार कडधान्ये सोयीची असतात, पण त्या डब्यात निम्म्याहून अधिक भाग पाण्याचाच असतो. सुके कडधान्य शिजल्यावर वजनाने दुपटीहून अधिक होते, त्यामुळे दुकानात किमती पाहताना सुक्याचा एक किलो आणि डब्यातला एक किलो एकमेकांशेजारी ठेवून चालत नाही. अडचण एकच आणि ती म्हणजे भिजवण्याची आठवण राहण्याची. रात्री दिवे मालवण्याआधी वाटीभर कडधान्य पाण्यात टाकण्याचे काम मी मुलीकडे दिले आहे आणि ती ते माझ्यापेक्षा नियमाने करते. विसरलेच तर कडधान्य दोन-तीन मिनिटे उकळवून, शेगडी बंद करून, तासभर झाकून ठेवले तरी काम भागते. शिजलेल्यातला निम्मा भाग लगेच गोठवतो.

राजम्याबाबत मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यातील लेक्टिन नावाच्या प्रथिनामुळे जोरदार उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. तो भिजवून, ते पाणी ओतून देऊन, नव्या पाण्यात खळखळून उकळून पुरता मऊ शिजवला पाहिजे. मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकू नये, कारण तिथले तापमान ते द्रव्य नष्ट करण्याइतके वाढेलच असे नाही.

टाकलेल्या अन्नाची वही

मी काटकसरीसाठी स्वस्त दुकाने शोधत बसलो नाही. कचऱ्याच्या डब्याशेजारी एक वही ठेवली आणि जे टाकावे लागले ते कारणासह लिहू लागलो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले ६० टक्के घरांमधून. घरांमधल्या या नासाडीचा माणशी हिशेब वर्षाला ७९ किलोंचा होतो. आमच्या वहीत मात्र एकच गोष्ट पानोपानी दिसली: पालेभाज्या आणि अर्धवट वापरलेल्या भाज्या. पालेभाजी आता ओली ठेवत नाही, कोरड्या फडक्यात गुंडाळतो. सफरचंद आणि पिकलेली केळी त्यांच्याजवळ ठेवत नाही, कारण त्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे पाने लवकर पिवळी पडतात. कापलेले सर्व काही फ्रिजच्या पुढच्या भागात एकाच उघड्या टोपलीत असते आणि स्वयंपाकाची सुरुवात त्या टोपलीपासून करायची, असा नियम आहे. मोठ्या पाकिटांचा मोह बराच कमी झाला. किलोमागे स्वस्त असलेले पाकीट एक तृतीयांश टाकावे लागले तर ते स्वस्त उरत नाही.

स्वयंपाकघराची मांडणी

वर कोणी जागेविषयी लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात. ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार मार्गारेट शुटे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टमधील घरांसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखले. रेल्वेच्या भोजनडब्यातील स्वयंपाकघरावरून प्रेरणा घेऊन, पावले आणि हालचाली मोजून, प्रत्येक वस्तू हाताच्या टप्प्यात आणण्याचा तो प्रयत्न होता. मी घरात त्यातले एवढेच उचलले की सुरी, पाट, मीठ, तेल आणि रोजची तीन भांडी एका जागी उभे राहून घेता येतील अशी मांडली. फरक जाणवण्याइतका पडला. मात्र त्या आराखड्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला रास्त वाटतो: ती जागा एकाच व्यक्तीसाठी होती. जिथे दुसऱ्याला उभे राहायला जागा नाही, तिथे मदतीला येणार कोण? म्हणून आमचे चिरण्याचे काम जेवणाच्या टेबलावर चालते, ओट्यावर नाही.

पाच माणसांचे घर, सासूबाई आणि दोन किशोरवयीन मुले

आमच्याकडे वेळ वाचला तो भांड्यांच्या बाबतीत. कुकरचा दाब उतरेपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात तोपर्यंतची भांडी घासायचीच, असे ठरवल्यापासून जेवणानंतर फक्त ताटे उरतात. भात आणि डाळ एकाच कुकरमध्ये दोन डब्यांत लागते, भाजी ज्या कढईत होते तीच टेबलावर येते. थोरला मुलगा भात-डाळ लावतो, धाकटी भाजी धुते, सासूबाई बसून लसूण आणि शेंगा सोलतात, कारण त्यांना उभे राहणे होत नाही पण नुसते बसणेही आवडत नाही. मुलांना काम लावताना एक अट मी पाळते: ज्याने केले त्याच्या पद्धतीने ते होऊ द्यायचे. भाताला पाणी थोडे जास्त झाले तर त्या दिवशी मऊ भात खायचा, आणि पुढच्या वेळी किती पाणी घालायचे ते थोरल्याने कुकरशेजारच्या कागदावर स्वतःच लिहून ठेवायचे.