पुन्हा टँकवर: मोठ्या खंडानंतर लॅप्स सुरू करणाऱ्यांचे अनुभव

शाळा-कॉलेजात भरपूर पोहलेली, मग नोकरी, लोकल, मुलं, घरातली आजारपणं यांत टँक सुटलेली कितीतरी माणसं चाळिशी-पन्नाशीत परत येतात. दादरला आमच्या सकाळच्या बॅचमध्ये असं एखादं नवं तोंड नेहमी दिसतं. त्यातली बरीच थोड्या दिवसांत येईनाशी होतात. कारण विचारलं तर दोन उत्तरं हमखास मिळतात: ‘दम पुरत नाही’ आणि ‘कॉस्च्युम नीट बसत नाही’. दुसरं उत्तर बायका आवाज खाली आणून देतात. या दोन्हींवर उपाय आहेत आणि ते अनुभवी माणसांना माहीत आहेत, म्हणून हा धागा काढते आहे. ज्यांना पोहता येतं पण पूर्वीसारखं जमत नाहीये, त्यांच्यासाठी. आपापलं सविस्तर लिहा. कॉस्च्युमबद्दल तर मोकळेपणाने लिहा, कारण दुकानात कुणी सांगत नाही.

सुरुवात मी करते. वय ४७. हातपाय विसरत नाहीत, हे खरं निघालं. श्वास मात्र नव्याने बसवावा लागला. फ्रीस्टाइलची एक लांबी (टँकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत) केली की छाती फुटेल असं वाटायचं. आमच्या कोचने समजावलं ते इथे सांगते: धाप लागते तेव्हा आपल्याला हवा कमी पडतेय असं वाटतं, पण बहुतेक वेळा आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर गेलेला नसतो. तोंड पाण्यात गेलं की माणूस नकळत श्वास धरून ठेवतो. मग मान वळवल्यावर त्या एवढ्याशा वेळात सोडायचाही आणि घ्यायचाही. ते होत नाही. उच्छ्वास पाण्याखालीच, सतत आणि सावकाश व्हायला हवा. मान वळेल तेव्हा फक्त आत घेणं उरलं पाहिजे.

यासाठी कठडा धरून तोंड पाण्यात घालायचं आणि नाकातून ‘म्ऽऽऽ’ असा आवाज काढत बुडबुडे सोडायचे. मग मान एका बाजूला वळवून श्वास, पुन्हा पाण्यात. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय मला तरी सापडलेला नाही. दुसरी गोष्ट डोक्याची. नजर समोरच्या भिंतीकडे ठेवली की डोकं वर येतं आणि कंबर-पाय खाली जातात, मग निम्मी ताकद पाय वर ठेवण्यातच जाते. नजर तळाच्या काळ्या पट्टीवर ठेवा. श्वास घेताना गॉगलची एक काच पाण्यातच राहिली पाहिजे. दोन्ही काचा बाहेर आल्या तर डोकं वळत नाहीये, उचललं जातंय.

बीपी, शुगर, हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. टँकवर सर्टिफिकेट लागतं म्हणून कुणाकडून तरी सही आणायची, असं करू नका. खरोखर तपासून घ्या.

* * *

नमस्कार, मुलुंडहून लिहितोय, वय ५८. पोहायला शिकलो आजोळी, देवगडच्या बाजूला, विहिरीत, पाठीला डबा बांधून. विहिरीत पोहणारा माणूस मान वर ठेवूनच पोहतो. आजूबाजूला कोण उडी मारतंय ते दिसायला हवं ना! रिटायरमेंट जवळ आल्यावर टँकला जायला लागलो तर तसंच पोहत होतो आणि मान दुखायची. मणक्याच्या डॉक्टरांनी पोहणं बंद करायला सांगितलं नाही, मान वर ठेवणं बंद करायला सांगितलं.

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये तोंड पाण्यात घालून पोहणं या वयात शिकलो. त्यातली मोलाची गोष्ट म्हणजे सरकणं. किक झाली की हात पुढे, पाय मागे, अंग सरळ, आणि काहीही न करता पुढे जाऊ द्यायचं. आमच्या पिढीची घाई तिथेच आड येते, लगेच पुढचा हात मारावासा वाटतो. गुडघ्यांनाही सांभाळा. गुडघे फार फाकवून मारलेली किक आतल्या बाजूच्या स्नायुबंधावर ताण देते. गुडघे साधारण कमरेच्या रुंदीत, टाचा मागे ओढायच्या, पावलं बाहेर वळवायची आणि पाणी मागे लोटायचं. तरीही गुडघा कुरकुरला तर त्या दिवशी फ्रीस्टाइल किंवा बॅकस्ट्रोक. हट्ट नको.

* * *

ताई, तुम्ही कॉस्च्युमचा विषय काढलात म्हणून लिहिते. दहिसरला राहते, दुसऱ्या बाळंतपणानंतर डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पुन्हा सुरू केलं. जुना कॉस्च्युम अंगात गेला, पण खांद्यावर वळ उठायचे. मला वाटायचं वजन वाढलंय म्हणून. वाढलं होतंच, पण वळ पडण्याचं कारण ते नव्हतं.

एका मैत्रिणीने माप घ्यायला शिकवलं. टेपचं टोक खांद्याच्या मध्यावर ठेवायचं, टेप छातीवरून खाली, दोन पायांमधून मागे, पाठीवरून परत त्याच खांद्यापर्यंत. हे धडाचं पूर्ण माप. छाती-कंबर-नितंबांची मापं जुळली तरी हे जुळलं नाही तर कॉस्च्युम बसत नाही. माझं धड लांब आहे. त्यामुळे कापड वरून खांद्यात आणि खालून जांघेत रुतत होतं. धड आखूड असलं की उलट होतं, कमरेच्या मागे चुण्या पडतात आणि गळा सुटतो. दोन साइझच्या मधलं माप आलं तर लांब धडवालीने मोठा घ्यावा.

घालून बघताना आतले कपडे ठेवून, आणि घाई न करता. दोन्ही हात वर करा, खाली वाका, उकिडवं बसा. हात वर केल्यावर कापड जांघेत ओढलं जाता कामा नये. वाकल्यावर गळा पुढे लोंबला तर पाण्यात तिथून पाणी शिरणार, भिंत ढकलून निघताना सगळा कॉस्च्युम फुगणार. पट्टा बोटाने उचलून बघा, थोडा उचलला जावा, कानापर्यंत येऊ नये. कोरडा असताना तो किंचित घट्टच वाटायला हवा, कारण ओला झाला की सैलावतो. दुकानात ‘छान आरामशीर’ वाटलेला कॉस्च्युम महिन्याभरात लोंबायला लागतो.

पाठीवर पट्टे एकत्र येणारा प्रकार घ्या, खांद्यावरून घसरत नाही. आणि छातीत कप असतील तर ते काढता येणारे असावेत. पोहताना त्यात पाणी भरतं. आधार हवा असेल तर आतून अस्तर आणि छातीखाली रुंद इलॅस्टिक असलेला बघा. अंगावर पिणारं मूल असेल तर टँकवर जायच्या आधी पाजून जा, फार फरक पडतो. रंग गडद. फिका रंग नवीन असताना ठीक, कापड विरलं की आरपार दिसायला लागतं.

* * *

मी गिरगावची, वय ६७, गुडघ्यांनी पोहायला पाठवलेली. लहानपणी चौपाटीच्या मफतलाल बाथमध्ये, म्हणजे तिथल्या टँकमध्ये, शिकले. तेव्हा आईने फ्रॉकसारखा घेर असलेला कॉस्च्युम घेतला होता, आताही तसलाच घालते, गुडघ्यापर्यंत पाय असलेला.

बॅचमधल्या मुली सांगतात, आजी, घेरात पाणी धरतं, वेग कमी होतो. धरतं, खरंच आहे. पण मला वेग नकोय, मला चालता यायला हवंय. ज्या बाईला उघड्या मांड्यांचा संकोच वाटतो तिला लांब पायांचा कॉस्च्युम मिळाला म्हणून ती पाण्यात उतरत असेल, तर तोच तिचा योग्य कॉस्च्युम. फक्त घेर असला तरी कापड कॉस्च्युमचंच हवं. सुती कपडा ओला होऊन जड होतो, पायात अडकतो आणि टँकवरही चालत नाही.

मी बहुतेक बॅकस्ट्रोक करते. श्वासाची चिंता नाही. कान पाण्यात, हनुवटी सैल, पोट वर. टँकवर आडव्या दोरीला पताका टांगलेल्या असतात त्या दिसल्या की भिंत जवळ आली.

* * *

गिरगावच्या आजींना नमस्कार! तुमचं म्हणणं पटलं, मी त्यात थोडी भर घालते. घेराचा कॉस्च्युम घालायचाच असेल तर घेर आखूड आणि कमरेला शिवलेला घ्या, सुटा स्कर्ट वर तरंगतो. आणि सगळ्यांनाच: बाही किंवा पाय संपतो तिथली कड दंडात किंवा मांडीत रुतत नाही ना, आणि पोहताना वर गुंडाळली जात नाही ना, ते बघा. काखेत, मांडीत घासत असेल तर थोडं पेट्रोलियम जेली लावा.

* * *

मी अंधेरीत आयटीत आहे, वय ३६. पुरुषांच्या कॉस्च्युमबद्दल कुणीच लिहीत नाही. बीचवर घालायच्या खिशांच्या ढगळ शॉर्ट्स टँकमध्ये नकोत. खिशात पाणी भरतं आणि पाय खाली ओढले जातात. मांडीला चिकटून गुडघ्याच्या वरपर्यंत येणारे जॅमर घ्या. कंबर इतकी घट्ट हवी की आतली नाडी न बांधताही तो जागेवर राहील. नाडी आहे ती भिंत ढकलून सुटतानाच्या क्षणासाठी.

कापडाबद्दल: लायक्रा मऊ आणि छान बसतो, पण क्लोरीन त्याचा ताण खाऊन टाकतो. आठवड्यातून तीन-चारदा जाणाऱ्याने पॉलिएस्टर किंवा पीबीटीचं (पॉलिएस्टरचाच ताणला जाणारा प्रकार) कापड घ्यावं. सुरुवातीला जरा कडक वाटतं, टिकतं मात्र कितीतरी जास्त. घरी आल्यावर लगेच साध्या गार पाण्यात खळबळायचा, पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा. ओला कॉस्च्युम प्लास्टिकच्या पिशवीत दिवसभर ऑफिसच्या बॅगेत ठेवणं म्हणजे त्याचं आयुष्य संपवणं. मुंबईच्या पावसाळ्यात तो वाळतही नाही, म्हणून दोन आलटून पालटून वापरतो.

पोहण्यात मला उपयोग झाला तो हात मोजण्याचा. एका लांबीत किती हात मारले ते मोजायचं आणि वेग तोच ठेवून एक-दोन कमी करायचा प्रयत्न करायचा. हात कमी म्हणजे प्रत्येक हाताला जास्त अंतर. सलग पोहायच्या मागे लागलो नाही. २५ मीटर, थोडी विश्रांती, पुन्हा २५. श्वास शांत झाला की निघायचं. दादरसारख्या ५० मीटरच्या टँकमध्ये मधे थांबायला भिंत नसते, तिथे सुरुवातीला कडेची लेन घ्या.

* * *

चेंबूर. शाळेत असताना राज्य पातळीपर्यंत पोहले, चाळिशीत परतले. माझ्यासारख्यांना धोका वेगळा असतो. डोक्यात जुनी वेळ असते आणि खांद्याचे स्नायू आजचे असतात. दम महिन्याभरात येतो, खांद्याचे स्नायुबंध इतक्या लवकर तयार होत नाहीत. म्हणून अंतर हळूहळू वाढवा आणि हाताला लावायचे पॅडल पहिले काही महिने बाजूलाच ठेवा.

खांदा दुखण्याची दोन कारणं मी सतत बघते. हात पाण्यात शिरताना डोक्याच्या मध्यरेषेपलीकडे जातो. तो खांद्याच्या सरळ रेषेत शिरला पाहिजे. दुसरं, कोपर खाली पाडून सरळ ताठ हाताने पाणी दाबलं जातं. कोपर वर ठेवून, पंजा आणि कोपरापुढचा हात मिळून पाणी मागे लोटायचं, मोठ्या पिंपावरून हात घातल्यासारखं. अंगही दोन्ही बाजूंना थोडं वळू द्या. सपाट पडून पोहलं की सगळा भार खांद्यावर येतो. श्वास दोन्ही बाजूंनी घ्यायचा सराव केला तर हे वळणं आपोआप सारखं होतं. किक कमरेपासून, गुडघा सैल, घोटा सैल. लांब पोहायचं असेल तर दर हाताला एक हलकी किक पुरते.

कॉस्च्युमबद्दल माझंही एक मत आहे. रेसिंगचा महागडा, घट्ट कॉस्च्युम रोजच्या पोहण्याला घेऊ नका. काही वर्षांपूर्वी पॉलियुरेथेनचे (रबरासारख्या प्लास्टिकचे) सूट आले आणि २००९ च्या रोमच्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. १ जानेवारी २०१० पासून ते सूट स्पर्धांत बंद झाले. कापडाने एवढा फरक पडतो हे खरं, पण तो सेकंदाच्या शतांशांसाठी. आपल्याला तासभर आरामात हात फिरवता यायला हवेत.

परतण्याबद्दल बोलायचं तर कोल्हापूरचा जलतरणपटू वीरधवल खाडे मला नेहमी आठवतो. २००८ च्या ऑलिंपिकला गेला, २०१० च्या एशियन गेम्समध्ये ५० मीटर बटरफ्लायमध्ये ब्राँझ मिळवलं, मग तहसीलदाराची नोकरी करत पोहण्यापासून लांब गेला. पुन्हा सराव सुरू करून २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला चौथा आला. ब्राँझ एका शतांश सेकंदाने हुकलं. आपल्या राज्यातल्या मुलाने खंड पडल्यावर इथवर मजल मारली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

* * *

पुन्हा मी, दादरहून. निरोपांतून आलेल्या प्रश्नांची उत्तरं एकत्र देते. गॉगल घ्यायचा तर पट्टा न लावता नुसता डोळ्यांवर दाबून बघा, क्षणभर चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा. पट्टा आवळून गळती थांबत नाही. केसांसाठी: टोपी घालण्याआधी केस साध्या पाण्याने भिजवा, मग टँकचं पाणी कमी शोषलं जातं. डोळे चुरचुरणं आणि उग्र वास हे नुसत्या क्लोरीनमुळे नसतं. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, त्यांचं ते काम. म्हणून उतरण्याआधी साबण लावून शॉवर घ्या, आणि बरोबरच्यांनाही सांगा. पाळीच्या दिवसांत टॅम्पॉन किंवा कप वापरून पोहता येतं. पॅड पाणी शोषून निकामी होतं.

* * *

वडाळ्याहून, वय ५१. माझं स्वप्न संक रॉक (मुंबई बंदरातलं दीपगृह) ते गेटवे, ५ किलोमीटर समुद्रात पोहायचं. समुद्रात भिंत नाही, काळी पट्टी नाही, लाटा आहेत. म्हणून टँकमध्येच सराव करतो: दर सहा-आठ हातांनी डोळे पाण्याच्या जेमतेम वर आणून समोरचं बघायचं आणि लगेच बाजूला मान वळवून श्वास. यात डोकं उचलावं लागतं, त्यामुळे पाय खाली जातात, त्या वेळी दोन जोरदार किक मारतो. माझी नव्याने येणाऱ्यांना एकच विनंती आहे, लेनमध्ये जाताना एका बाजूने आणि येताना दुसऱ्या बाजूने पोहा, आणि थांबायचं असेल तर भिंतीच्या कोपऱ्यात सरका, म्हणजे मागच्याला वळायला जागा मिळते. कुणी शनिवारी सकाळी लांब पोहायला येणार असेल तर इथेच लिहा, मला सोबत हवी आहे.