जाडजूड फँटसी: कुठे अडकलात, कशात बुडालात?

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मी तीनदा अर्धवट सोडलंय, तेही प्रस्तावनेतच. हॉबिट लोक चिलमीत कुठला पाला भरतात आणि त्याची लागवड पहिल्यांदा कुणी केली, इथपर्यंत टोल्किनने लिहून ठेवलंय. ऑक्सफर्डचा भाषांचा प्राध्यापक तो, घाई कशाला करेल! चौथ्या वेळी प्रस्तावना सरळ ओलांडली, नकाशाची झेरॉक्स काढली आणि मंडळी जातील तसा पेन्सिलने रस्ता आखत गेले. एल्रॉन्डच्या सभेत पुन्हा दम लागला (आमच्या सोसायटीची वार्षिक सभा बरी), पण मोरियाच्या खाणीत शिरल्यावर घड्याळात बघितलं तर अडीच वाजलेले. प्रस्तावना सगळ्यात शेवटी वाचली, आणि चक्क आवडली.

आता तुमचं येऊ द्या.

*

माझं पुस्तक जाडजूड नाही, आधीच सांगते. उर्सुला ले ग्विन यांचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’, 1968 चं. त्या जगात प्रत्येकाला एक खरं नाव असतं. ते ज्याला कळलं त्याची तुमच्यावर सत्ता चालते, म्हणून ते कुणी सहसा सांगत नाही. नायकाचं खरं नाव गेड, पण चारचौघांत तो ‘स्पॅरोहॉक’.

माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहिलं होतं. सासूबाईंनी सुचवलं, नवऱ्याने लिहिलं. अक्षर बरं होतं. तांदूळ नंतर कुठे गेले कोण जाणे. पासबुकावर एक नाव, दहावीच्या सर्टिफिकेटवर दुसरं, असं बरीच वर्षं चाललंय.

पुस्तकात गेड पार मोडून पडलेला असताना त्याचा मित्र व्हेच आपणहून स्वतःचं खरं नाव त्याला सांगतो. तिथे मी पुस्तक मिटलं आणि आईला फोन लावला, काही काम नसताना. तिने नेहमीसारखी हाक मारली, जुन्याच नावाने.

*

सगळी इंग्रजीच नावं निघणार असं दिसतंय. आमची सुरुवात ‘चांदोबा’ने झाली. खांद्यावरचा वेताळ गोष्ट सांगणार, विक्रम तोंड उघडणार, वेताळ परत झाडावर! ‘पुढे काय’ची चटक तिथे लागली. मोठेपणी जी. ए. कुलकर्णींचं ‘रमलखुणा’ (1975) हाती आलं. ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’, दोनच दीर्घकथा. कुठला देश, कुठला काळ, पत्ता नाही, पण पायाखालची वाळू भाजते. ही फँटसी नव्हे, रूपककथा आहे असं कुणी म्हणालं तर भांडायची तयारी आहे.

*

ज्यांना तलवारी आणि भविष्यवाण्यांचा कंटाळा आलाय त्यांनी टेरी प्रॅचेट घ्या. कासवाच्या पाठीवर चार हत्ती, हत्तींवर थाळीसारखं सपाट जग. कूर्मावतार ऐकत वाढलेल्यांना हे काही फार परकं वाटू नये. डिस्कवर्ल्डच्या 41 कादंबऱ्या आहेत, पण पहिलीपासून सुरू करू नका. ‘गार्ड्स! गार्ड्स!’ घ्या. त्यातल्या विद्यापीठाचा ग्रंथपाल ओरांगउटान आहे आणि ‘ऊक’ एवढंच बोलतो. आमच्या गावच्या वाचनालयात याहून कमी बोलणारे बघितलेत.

*

डोंबिवली ते सीएसएमटी, उभ्याने, जॉर्ज मार्टिनच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’चे (‘गेम ऑफ थ्रोन्स’वाली मालिका) पाच भाग. पाचवा 2011 साली आला तेव्हा लेक बालवाडीत होती, आता ती कॉलेजात जाते आणि सहाव्याची मी अजून वाट बघतोय. म्हणून हल्ली नियम केलाय, मालिका पूर्ण झाल्याशिवाय हात लावायचा नाही. रॉबर्ट जॉर्डन 2007 मध्ये गेला, पण त्याच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने ‘व्हील ऑफ टाइम’चे शेवटचे तीन भाग लिहून 2013 मध्ये ती पूर्ण केली. चौदा भाग आहेत. मधल्या काही भागांत कथा इतकी रेंगाळते की दिवा ते मुंब्रा सिग्नलला थांबल्यासारखं वाटतं. तरी वाचा.

मार्टिनचा तिसरा भाग फुटपाथवर स्वस्तात मिळाला होता. ऐन लग्नाच्या प्रसंगाशी (वाचलेल्यांना कळलं असेल) सोळा पानांचा अख्खा फर्मा उलटा शिवलेला.

*

मग ती सोळा पानं तशीच सोडलीत की काय, दादा?

*

सोडतो कसला! पुस्तक उलटं धरलं. शेजारचे काका कुर्ल्यापर्यंत माझ्याकडे बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, “अहो, सरळ धरा.”