फ्रिज थंड होईना : ‘गॅस संपलाय’ म्हणण्याआधी तुमच्याकडं काय निघालं? (अनुभव धागा)

जुळे सोलापूरची सून

मार्च लागला की आपल्या गावात फ्रिजवाले मेकॅनिक लग्नातल्या आचाऱ्यासारखे होतात, फोनच उचलत नाहीत. आमचा दोन दारांचा फ्रॉस्ट फ्री (बर्फ आपोआप वितळवणारा), वर बर्फ दगडासारखा आणि खाली सकाळचं दूध संध्याकाळपर्यंत नासायला लागलं. तीन दिवसांनी एकजण आला, दार उघडायच्या आधीच म्हणाला गॅस संपलाय, अडीच हजार होतील. सासूबाई तिथंच शेंगा फोडत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या अरे वर बर्फ होतोय की, मग गॅस संपला कसा? तो म्हणे मावशी थोडा थोडा संपत येतो. मी म्हटलं, बरं, सांगते विचार करून.

रात्री फ्रीजर रिकामा केला तर निघाला हुरडा! जानेवारीत मंगळवेढ्याच्या नणंदेनं आठ-दहा किलो दिला होता आणि मी पिशव्या करून मागच्या भिंतीला अगदी चिकटवून रचल्या होत्या. त्या भिंतीला जाळी असते, जाळीमागं पंखा, आणि तिथनंच गार हवा खालच्या कप्प्यात उतरते हे मला तोवर माहीतच नव्हतं. वाटच बुजवली होती मी. निम्मा हुरडा शेजारी वाटला, बाकीचा चार बोटं पुढं सरकवून ठेवला, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाली गार. खर्च शून्य, वर शेजारी खूश.

तर तुमच्याकडं शेवटी काय निघालं ते लिहा. कंपनीचं, मेकॅनिकचं नाव नको, भांडणं होतात.

साखर पेठेतनं

आमच्या खाली आणि मागं दोन्हीकडं यंत्रमाग, त्यामुळं फ्रिजचा आवाज म्हणजे काय ते आम्हाला दहा वर्षांत कधी कळलंच नाही. चार दिवस पाणी गार होईना, आतला दिवा लागायचा म्हणून लाईट आहे एवढं कळायचं. सुट्टीच्या दिवशी माग बंद होते, घर शांत, तेव्हा कळलं की फ्रिज दर तीन-चार मिनिटांनी ‘टक’ करतोय, थोडं गुणगुणतोय आणि परत टक करून गप्प. पोराला म्हटलं ऐक बे, हा चालू व्हायला बघतोय पण त्याला जमेना. ओळखीच्या माणसानं मागचं झाकण काढून कंप्रेसरच्या बाजूचा रिले (कंप्रेसरला सुरू करून देणारा) आणि ओव्हरलोड (जास्त ताण आला की बंद करणारा) बदलला, दोन्ही मिळून साडेतीनशे रुपये. नाहीतर आम्ही एक्स्चेंजमधे नवीन घ्यायला नव्या पेठेत चाललो होतो.

विडी घरकुल

माझं उलटं आहे, आमचा गॅस खरंच गेला आणि आम्हीच घालवला. एका दाराचा साधा फ्रिज, आईनं विड्या वळून वळून पैसे साठवून घेतलेला. बर्फ इतका व्हायचा की फ्रीजरचं झाकण लागायचं नाही. त्याच्या गोल नॉबच्या मधोमध एक बटण असतं, ते दाबलं की रात्रीत बर्फ आपोआप वितळतो, पण पाहुणे येणार म्हणून आईला घाई, तिनं पानं कापायची कात्री घेतली आणि लागली खरवडायला. फुस्स करून आवाज आला आणि ती कात्री टाकून बाहेर पळाली, तिला वाटलं सिलिंडर लीक झाला. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असतो तो, आतनं नळ्या गेलेल्या, टोक लागलं की संपलं. अख्खा फ्रीजर बदलावा लागला, ३८०० गेले. ती कात्री अजून आहे. आता बर्फ बोटभर व्हायच्या आधीच मी बटण दाबते, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवते आणि आईला तिकडं फिरकू देत नाही.

होटगी रोड

दाराचं रबर. दहाची नोट दारात धरून दार लावा, नोट सहज ओढून निघाली की समजा गार हवा पण तशीच निघालीय. आमच्या रबराच्या खाचेत शेंगाचटणी आणि पीठ बसलं होतं, साबणाच्या कोमट पाण्यानं जुना ब्रश मारला आणि झालं.

विजापूर रोड, फ्रिज नवीन

मला भीती वाटालीय. आमचा नवीन घेतलाय, दोन्ही बाजूचे पत्रे इतके तापतात की हात ठेववत नाही. दुकानदार म्हणतो नॉर्मल आहे. खरं का?

शेळगी, काम हेच

नमस्कार. बावीस वर्षं झाली फ्रिज-एसीचं काम करतो, म्हणून वरची सगळी बोलणी मलाच बसल्यासारखी वाटली, पण खोटं काय आहे त्यात.

विजापूर रोडवाल्या ताई, दुकानदार बरोबर आहे. पूर्वी काळी जाळी मागं असायची, आता तीच नळी बाजूच्या पत्र्याच्या आतनं नेतात, आतली उष्णता तिथनं बाहेर टाकली जाते. तापणारच. उलट ते गार राहिले तर मला फोन करा. फक्त भिंतीला आणि कपाटाला चिकटवू नका, वीतभर जागा सोडा आणि वर टॉवेल पसरू नका. आपल्या सोलापुरात टॉवेल फ्रिजवर नसेल तर घर उघडं वाटतं लोकांना, पण साईडला लोंबतो तो काढा.

आता गॅसचं. गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नाही संपायला. बंद नळीत तोच तो गोल फिरतो, कुठं भोक पडलं तरच जातो. म्हणून जो कोणी गॅस संपला म्हणेल त्याला एकच विचारा, लीक कुठाय? लीक न शोधता भरला तर तुमचे पैसे दोन महिन्यांत हवेत. खरा गॅस गेला असेल तर कंप्रेसर थांबत नाही, नुसता चालत राहतो, पण बाजूचे पत्रे तापत नाहीत आणि फ्रीजरमधे एका कोपऱ्यात जरा पांढरं दिसतं, बाकी कोरडं. नळी चोक झाली तरी बरंचसं असंच दिसतं, त्यामुळं दाब मोजायचं गेज लावल्याशिवाय मी स्वतः तोंड उघडत नाही.

दुसरं, फ्रिजमागचं स्टिकर वाचा. जुन्यात आर-१३४ए असायचा, आता बहुतेकांत आर-६००ए येतो, म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊ, पेट घेणारा. तो लागतो जेमतेम ४०-६० ग्रॅम, त्यामुळं काट्यावर मोजूनच भरायचा, अंदाजानं नाही. आधी व्हॅक्यूम करायचा, म्हणजे नळीतली हवा ओढून घ्यायची, आणि नळीतला ओलावा धरणारा फिल्टर नवीनच टाकायचा. कोणी म्हणाला चालतोय की, दुसरा गॅस भरतो, तर त्याला चहा पाजून घालवा.

साखर पेठवाल्या भाऊंचा रिले जाण्याचं एक कारण म्हणजे लाईट. गेली-आली, गेली-आली झालं की आतला दाब समान व्हायला वेळच मिळत नाही, कंप्रेसर त्या दाबाविरुद्ध उठायला बघतो आणि बसतो. लाईट आली की पाच मिनिटं थांबून चालू करा. स्टॅबिलायझरवरनं लोक माझ्याशी भांडतात. फ्रिजवर किती व्होल्टला चालतो ते लिहिलेलं असतं, तुमच्या घरात त्याच्या खाली जात असेल तर घ्या, नसेल तर कशाला घेता.

पत्र्याच्या खोलीतला

शेळगीवाले दादा, एक विचारायचं होतं. मी गच्चीवर पत्र्याच्या खोलीत राहतो. एप्रिल-मेमधे दुपारी बारा ते पाच फ्रिज काही करत नाही, रात्री आपोआप मस्त चालतो. तिघांनी बघितला, तिघांनी तीन रोग सांगितले.

शेळगी, काम हेच

तुमच्या फ्रिजला रोग नाही, खोलीला आहे. काही फ्रिजच्या स्टिकरवर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो, ‘टी’ असेल तर बाहेर ४३ डिग्रीपर्यंत चालेल असा धरून बनवलेला. गावातच पारा ४३-४४ ला जातो, मग पत्र्याखाली किती होत असेल तुम्हीच बघा. खालच्या मजल्यावर जिन्यात जागा आहे का? नसेल तर पत्र्यावर पांढरा चुना मारा, दुपारी दार कमी उघडा आणि पाण्याला माठ ठेवा.

बाळीवेस, जुना वाडा

आमच्याकडं थंड व्हायचा प्रश्न नव्हता, हाताला चटका बसायचा. अनवाणी फरशी पुसताना हँडलला हात लागला की झिणझिण्या. हे म्हणाले तुला भास होतोय. चप्पल घालून फिरणाऱ्या माणसाला कसा होणार भास! इलेक्ट्रिशियन आला तर कळलं तीन पिनेच्या बोर्डात अर्थिंगची वायरच नव्हती, भोक नुसतं शोभेला. अंगणात नवीन खड्डा करून कोळसा-मीठ घालून अर्थिंग केलं. तो सांगून गेला की उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, खड्ड्यात पाणी ओतत जा. आपल्याकडं नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी, त्यात अर्थिंगला कुठनं आणू, म्हणून भाज्या धुतलेलं ओतते.

दमाणी नगर

लाज वाटते सांगायला. पावसाळ्यात आरोग्य खात्याच्या ताई घरोघरी पाण्याची भांडी तपासत होत्या. बॅरल, हौद, टाकी सगळं मी कडक कोरडं करून झाकलं होतं, मनात म्हटलं बघा आता. त्यांनी सरळ फ्रिजमागं टॉर्च मारला आणि कंप्रेसरवरच्या ट्रेमधनं वाटीभर पाणी काढलं, त्यात अळ्या वळवळत होत्या. घरात दोघांना नुकताच डेंग्यू होऊन गेलेला. वितळलेलं पाणी त्या ट्रेमधे येतं, कंप्रेसरच्या उष्णतेनं उडून जातं म्हणे, पण पावसाळ्यात कुठं उडतंय. आता दर रविवारी प्लग काढून ट्रे पुसतो.

सात रस्ता

आमचं सध्या चालूच आहे. फ्रॉस्ट फ्री, खालचा कप्पा गरम, भाजीच्या खणाखाली पाणी साठतंय. हुरडा वगैरे काही नाही, जाळी मोकळी आहे. महिन्यापूर्वी दिवसभर बंद ठेवून दार उघडं टाकलं तर दहा दिवस झकास चालला, मग परत तेच.

शेळगी, काम हेच

जाळीमागं बर्फ धरलाय. तो वितळवायला आत एक हीटर असतो, ठरावीक वेळानं लागतो. तुमचा हीटर, नाहीतर त्याचा सेन्सर गेलाय, म्हणून बर्फ साठत जातो आणि पंख्याची हवा अडते. पाण्याचं वेगळं, मागं निचऱ्याचं छोटं भोक असतं ते बुजलंय, कोमट पाणी सिरिंजनं सोडा, तार घालू नका. गॅसचा याच्याशी काही संबंध नाही.

सात रस्ता

आत्ता बंद करून दोन्ही दारं उघडी टाकलीत, खाली दोन जुन्या चादरी अंथरल्यात, सोलापुरी आहेत म्हणून बरं, बादलीभर पाणी प्यायल्या. भोकातनं पहिल्यांदा कोथिंबिरीचा काळा लगदा निघाला. बर्फ अजून पडतोय आतनं, ठप्प ठप्प आवाज येतोय. दूध शेजारी ठेवलंय. हीटरवाला उद्या येतो म्हणालाय.