शब्दचर्चा: ‘एम्बार्गो उठला’ – बंदी, मनाई की आणखी काही?

अर्धविराम

एका दिवाळी अंकासाठी कॅमेऱ्यांवरच्या लेखाचा अनुवाद करतोय. पहिल्याच परिच्छेदात गाडी अडली. आशय असा आहे: नवा कॅमेरा बाजारात येण्याआधी कंपनी तो काही परीक्षकांना वापरायला देते. त्याबद्दल अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत (माझ्या लेखात संध्याकाळी साडेसातपर्यंत) अवाक्षर काढायचं नाही, हा ‘एम्बार्गो’. शिवाय हातातला कॅमेरा ‘प्री-प्रॉडक्शन’, म्हणजे विक्रीचा माल तयार होण्याआधीचा, असेल तर फोटोंच्या दर्जाबद्दल मत द्यायचं नाही, मूळ आकाराच्या फाइल कुणाला द्यायच्या नाहीत वगैरे. म्हणून मग लेखक त्याला ‘रिव्ह्यू’ म्हणत नाही, ‘हँड्स-ऑन’ म्हणतो.

तर मला तीन शब्द हवेत: एम्बार्गो, हँड्स-ऑन, आणि परीक्षकाला दिलेला तो परत करायचा कॅमेरा. एम्बार्गोला मी तूर्त ‘मुदतबंदी’ लिहिलंय, पण कानाला खटकतंय.

भोचक

खटकणारच. जमावबंदी म्हणजे जमावाला बंदी, दारूबंदी म्हणजे दारूला बंदी, नोटबंदीत नोटांना बंदी. त्या हिशेबाने मुदतबंदी म्हणजे मुदत देण्यालाच बंदी! आमच्या सोसायटीच्या प्लंबरसाठी शब्द चांगला आहे, पण तुमच्या लेखात चालणार नाही.

बातमीची वही

भोचक यांच्याशी सहमत. वृत्तपत्रात आयुष्य काढलं म्हणून थोडं लिहितो.

मूळ शब्द स्पॅनिश. एम्बार्गार म्हणजे अडवणं, अटकाव करणं. तिथून तो इंग्रजीत आला तो बंदरातून जहाजं सोडू नयेत अशा सरकारी हुकमासाठी. मग व्यापारबंदी, शस्त्रबंदी हे अर्थ आले आणि बऱ्याच नंतर बातमीवरचा. स्पॅनिशमध्ये आजही ‘एम्बार्गो’ म्हणजे मालमत्तेवरची जप्ती, आणि ‘सिन एम्बार्गो’ म्हणजे चक्क ‘तथापि’. शब्दशः ‘अडथळ्याविना’.

बंदराची प्रतिमा डोळ्यांपुढे ठेवलीत तर कॅमेऱ्यांचा प्रकार लगेच कळेल. पावसाळ्यात आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या. आणि मग नारळी पौर्णिमेला नारळ पडला की परंपरेने सगळा कोळीवाडा एकदम समुद्रात. एम्बार्गो उठल्यावर एकाच मिनिटाला पंधरा जणांचे व्हिडिओ येतात, ते असंच.

आमच्या टेबलावर मात्र या शब्दाला मराठी प्रतिशब्द कधी आलाच नाही. कागदाच्या डोक्यावर ‘सायंकाळी ७ पूर्वी प्रसिद्ध करू नये’ असं लिहिलेलं असायचं आणि आम्ही एकमेकांना ‘अरे, ते एम्बार्गोचं आहे’ एवढंच सांगायचो. राष्ट्रपतींच्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येच्या भाषणाची प्रत अशीच आधी हातात पडायची.

काळी खोली

कॅमेरा हा माझा धंदा, म्हणून तपशील देतो. तुमच्या लेखात तीन वेगळ्या अटींची सरमिसळ झालेली दिसते. पहिली म्हणजे केव्हा बोलायचं, हा एम्बार्गो. दुसरी, काय बोलायचं नाही. आणि तिसरी, कॅमेरा तुमच्याकडे आहे हेही कुणाला सांगायचं नाही, हा गोपनीयतेचा करार. तिन्ही एकाच कागदावर असतात म्हणून लोक सगळ्याला एम्बार्गो म्हणतात.

दुसऱ्या अटीला तांत्रिक कारण आहे, हे कंपन्यांच्या बाजूने सांगायला हवं. विक्रीपूर्व कॅमेऱ्यातलं फर्मवेअर, म्हणजे कॅमेरा चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, कच्चं असतं. फोटोतला ‘नॉइज’ (दाणेदारपणा) कमी करण्याचं गणित, फोकस, रंग, सगळं शेवटच्या आठवड्यापर्यंत बदलत राहतं. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) उघडायला बाहेरचं सॉफ्टवेअरही तयार नसतं. अशा कॅमेऱ्याचे फोटो शंभर टक्के मोठे करून बघणं म्हणजे कुकरची शिट्टी व्हायच्या आत झाकण काढून भात कच्चा म्हणण्यासारखं.

एकदा अशाच एका कार्यक्रमाला गेलो होतो. कंपनीचं नाव नको. हॉटेलात प्रत्येकाला वीस मिनिटं. कॅमेरा हातात आला तर कार्डाच्या झाकणावर पिवळी चिकटपट्टी, तीवर कुणाची तरी सही. म्हणजे फोटो काढा, मागच्या पडद्यावर बघा, घरी न्यायचं नाही. शेजारी उभ्या मुलीचं सगळं लक्ष माझ्या अंगठ्याकडे. मी शटरचा आवाज ऐकला, पकड पाहिली, मेनूची पानं उलटली. ग्रिप छान होती. पण बाहेर आलो तर एकजण कॅमेऱ्यासमोर उभं राहून ‘माझा फुल रिव्ह्यू’ सांगत होता. त्यालाही वीसच मिनिटं मिळाली होती.

भोचक

मग हे काळी खोलीकाकांचं वीस मिनिटांचं जे झालं त्याला ‘मुखदर्शन’ म्हणा की! पंढरपूरला दोन रांगा असतात. पदस्पर्शाची वेगळी, मुखदर्शनाची वेगळी. प्रदर्शनात काचेच्या पेटीत ठेवलेला कॅमेरा म्हणजे मुखदर्शन. हातात दिला, चिकटपट्टी लावून का होईना, तो पदस्पर्श. आणि कंपनीचं पत्रक वाचून व्हिडिओ करणाऱ्यांना कळसदर्शन.

अर्धविराम

हसून हसून चहा सांडला. पण दिवाळी अंकाचे संपादक ‘पदस्पर्श’ छापतील असं वाटत नाही. ‘प्रथमदर्शन’ कसं वाटतं? की ‘पूर्वावलोकन’?

काळी खोली

‘पूर्वावलोकन’ नको. ते संगणकाच्या बटणावरचं मराठी आहे, छापण्याआधी पान कसं दिसेल ते. ‘प्रथमदर्शन’ चालेल, पण ‘प्रथमदर्शनी’ म्हटलं की आपल्याकडे कोर्ट आठवतं. मी मित्रांत ‘हाताळून पाहिला’ म्हणतो, ‘वापरून पाहिला’ वेगळं म्हणतो. हाताळण्यात तुम्हाला बोटांना काय वाटलं ते येतं. वापरण्यात कॅमेऱ्याने तुम्हाला कुठे दगा दिला ते येतं. हँड्स-ऑनला ‘हाताळणी’ इतका सरळ शब्द असताना पंढरपूरला कशाला जायचं!

‘परीक्षण’ शब्द मात्र जपून वापरा. त्यात परीक्षा आहे. ब्रिटनमध्ये १९९८ साली फिल अस्की यांनी सुरू केलेल्या ‘डीपी रिव्ह्यू’ने (२००७ मध्ये अ‍ॅमेझॉनने घेतलं) हे भेद बराच काळ सांभाळले: हाताळणी वेगळी, पहिली मतं वेगळी, आणि टक्के व सोनेरी-चंदेरी शिक्का मिळायचा तो पूर्ण परीक्षणालाच. शाळेत घटक चाचणी आणि वार्षिक परीक्षा वेगळी असते तसं.

आणि वार्षिक परीक्षासुद्धा कधी कधी अपुरी पडते. निकॉनचा डी ६०० घ्या. जाहीर झाला सप्टेंबर २०१२ मध्ये. कॅमेरा उत्तमच होता, कौतुकही तसंच झालं. पण जसजसे शटर पडत गेले तसे सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या भागावर) ठिपके जमायला लागले, जास्त करून चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात. मोकळ्या आकाशाचा फोटो लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) लहान ठेवून काढला की डावीकडे माशा बसल्यासारखं दिसायचं. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने सूचना काढून ते मान्य केलं, ऑक्टोबरात नवं शटर घेऊन डी ६१० आला, आणि २०१४ मध्ये डी ६०० वाल्यांना वॉरंटी संपली असली तरी फुकट दुरुस्ती मिळाली. आता बघा, ज्याला कॅमेरा थोडे दिवस मिळाला आणि ज्याने त्यावर काहीशे फोटो काढले, त्याला हे ठिपके दिसणार कुठून? कुणी लपवलं म्हणून नव्हे, तेवढा वापरच झाला नव्हता म्हणून. कॅननच्या आर ५ चंही तसंच. जुलै २०२० मध्ये ८के, म्हणजे अतिशय बारीक तपशिलाच्या, व्हिडिओचा गाजावाजा झाला. तापल्यामुळे ८के साधारण वीस मिनिटांनी थांबतं, हा वादाचा मुद्दा व्हायला थोडे दिवस जावे लागले. ऑगस्टअखेर त्यासाठी नवं फर्मवेअर आलं.

सराफकट्टा

मी कॅमेऱ्यातला नाही, फोटो मोबाइलवर काढतो. पण अर्धविराम यांचा तिसरा शब्द कुणीच घेतला नाही, म्हणून लिहितो. परत करायच्या बोलीवर दिलेल्या मालाला आमच्या धंद्यात शब्द आहे: जांगड.

गिऱ्हाईक ओळखीचं असेल, घरच्या बायकांना दाखवायचं असेल, तर दोन-तीन हार जांगड नेतात. पसंत पडला तो ठेवतात, बाकीचे परत. हिऱ्यांच्या बाजारात तर दलाल सकाळी माल जांगड नेतो आणि संध्याकाळी एकतर पैसे आणतो किंवा माल. चिठ्ठी असते, तीवर वजन, नग, तारीख. माल दलालाच्या खिशात असला तरी मालक दुकानदारच. जीएसटीतही अशा मालाची सोय आहे, सहा महिन्यांत विक्री पक्की करा नाहीतर परत घ्या.

माझे आजोबा जांगड वही गल्ल्याच्या खाली वेगळी ठेवायचे. लाल पुठ्ठ्याची, दोरीने बांधलेली. माल परत आला की ओळीवर काट मारायचे, पण आधी हार दिव्याखाली धरून आकडा, फासा, मणी मोजून. ‘जांगड परत आलेला माल हसत घ्यायचा आणि मोजून घ्यायचा,’ असं म्हणायचे.

तर तुमचा तो परीक्षकाचा कॅमेरा जांगड दिलेला आहे. ‘उसना’ म्हणू नका. उसनं शेजारी देतो, साखर.

अर्धविराम

वा! जांगड! शब्द माहीत होता पण सुचला नसता. ‘कंपनीने आठ दिवस जांगड दिलेला कॅमेरा’. बसतंय की.

बातमीची वही

शब्द उत्तम, पण एक शंका. जांगडीत विकत घेण्याची शक्यता हा जीव आहे. परीक्षक कुठे विकत घेणार असतो? तिथे गिऱ्हाईक तिसराच, म्हणजे वाचक.

सराफकट्टा

तेच तर म्हणतोय. दलालही स्वतःसाठी नेत नाही! तो दुसऱ्याला दाखवायला नेतो. आणि ज्या दलालाने माल नीट दाखवला नाही त्याला पुढच्या वेळी जांगड मिळत नाही. तो रागावून भांडत नाही दुकानदाराशी, दुकानदारही त्याला काही बोलत नाही. फक्त पुढचा माल दुसऱ्याकडे जातो.

काळी खोली

हे शेवटचं वाक्य कॅमेऱ्याच्या धंद्यातल्या माणसाने लिहिल्यासारखं आहे.

बातमीची वही

शंका मागे घेतो. आणि तुमच्या ‘बोलीवर’ या शब्दाने मला माझंच वरचं लिखाण सुधारावंसं वाटतंय. आपण सगळे एम्बार्गोला -बंदी, -मनाई शोधत बसलो. बंदी कोण घालतं? ज्याच्या हातात दंडुका आहे तो. सरकारने जहाजं अडवली ती बंदी, तिथे खलाशाला कुणी विचारलं नव्हतं. पण कॅमेरा कंपनीला परीक्षकावर बंदी घालता येत नाही. तो स्वतः कागदावर सही करतो. पटत नसेल तर त्याने सही करू नये, दुकानातून विकत घेऊन लिहावं. थोडं उशिरा, पण मोकळेपणाने. म्हणजे ही बंदी नव्हे, ही बोली आहे. दोघांनी मिळून ठरवलेली.

‘कंपनीने बंदी घातली होती’ या वाक्यात परीक्षक बिचारा होतो. ‘या बोलीवर त्याने कॅमेरा घेतला’ म्हटलं की तोही वाक्याचा कर्ता होतो. अनुवादात मला दुसरं वाक्य जास्त खरं वाटतं.

भोचक

+१. पण ‘बोली उठली’ म्हणता येत नाही. लिलावात बोली लागते, करारात बोली पाळतात किंवा मोडतात. ‘उठते’ ती बंदीच. बातमीची वही यांनी तत्त्व जिंकलं, क्रियापद हरले.

बातमीची वही

उठवायची कशाला? ‘बोलीची वेळ संपली’ म्हणा. आणि आधीच बाहेर आलं तर ‘फुटलं’. पेपर फुटतो, बातमी फुटते. नियम मोडतो, गुपित फुटतं. फरक बारीक आहे पण उपयोगी.

फुटण्याचं सर्वांत मोठं उदाहरण कॅमेऱ्याचं नाही. ७ मे १९४५ ला फ्रान्समध्ये रॅन्स इथे जर्मनीने शरणागतीवर सही केली. हजर असलेल्या बातमीदारांना बोली अशी की अधिकृत घोषणा होईपर्यंत लिहायचं नाही. एपी (असोसिएटेड प्रेस) या वृत्तसंस्थेच्या एडवर्ड केनेडींनी बातमी फोडली. जर्मन रेडिओ आधीच बोलून बसलाय, मग आपण कशासाठी थांबायचं, असं त्यांचं म्हणणं. एपीने त्यांना काढून टाकलं. संस्थेने जाहीर माफी मागितली ती २०१२ मध्ये, केनेडी जाऊन तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षं होत आली होती. तिथे कुणाच्या जिवाचा प्रश्न होता म्हणून थांबायला सांगितलं नव्हतं. स्टालिनला बर्लिनमध्ये वेगळा समारंभ हवा होता. आणि आपण इथे कॅमेऱ्याच्या साडेसातच्या मुहूर्ताबद्दल बोलतोय!

भोचक

साडेसात का पण?

काळी खोली

न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजतात म्हणून. हिवाळ्यात त्यांची घड्याळं मागे गेली की आपले साडेआठ. माझ्या घरी कुकर लावायची वेळ.

बोलीचा मुद्दा पटला. माझी एक भर: बोली वाचकाला सांगितली पाहिजे, आणि लेखाच्या तळाला नाही, वर. २०२३ पासून आपल्याकडेही ग्राहक खात्याच्या मार्गदर्शक सूचना आहेत, फुकट मिळालेली वस्तू, सहल, हॉटेल, सवलत असं काही घेतलं असेल तर जाहिरात करणाऱ्याने ते स्पष्ट सांगायचं. बरेचजण सांगतातही. पण ‘काय बोलायचं नाही’ ही अट कुणी सांगत नाही. ‘ऑटोफोकसबद्दल बोलायची मला परवानगी नाही’ असं एक वाक्य मी परीक्षणात वाचलं तर त्या माणसाची पुढची दहा वाक्यं मी विश्वासाने वाचेन.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. अनुवाद असा केला:

‘हा कॅमेरा कंपनीने आम्हाला आठ दिवस जांगड दिला होता. तो विक्रीचा नव्हे, विक्रीपूर्व नग आहे. बोली अशी होती की आज संध्याकाळी साडेसातपर्यंत काही प्रसिद्ध करायचं नाही आणि फोटोंच्या दर्जाबद्दल मत द्यायचं नाही. म्हणून पुढे वाचाल ती हाताळणी आहे, परीक्षण नाही.’

मूळ लेखात हे दीड ओळीत होतं, माझ्याकडे चार झाल्या. संपादक शब्दांवर पैसे देतात, त्यामुळे तक्रार नाही. एकच राहिलं: ‘जांगड’ला तळटीप द्यावी का?

सराफकट्टा

देऊ नका. ज्याला कळणार नाही तो घरातल्या मोठ्यांना विचारेल. आणि ‘आठ दिवस जांगड’ लिहिलंय तर परत केल्याची तारीखही टाका. आमच्या वहीत ती नसली की आजोबा जेवायला उठायचे नाहीत.