मदत हवी आहे: काम गेलं, आणि मी कोण हेच कळेनासं झालंय

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. नोकरी जाऊन सात महिने झाले. परवा फॉर्म भरताना 'व्यवसाय' या रकान्यापाशी पेन थांबलं, पुढे सरकेचना.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातलं हरवलेलं नाणं आठवलं. १० पैकी एक. बाई दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते. नाण्याने काहीच केलेलं नसतं, आणि धुळीत पडूनही त्याची किंमत तीच! हे डोक्याला पटतं, पण सकाळ झाली की मन पुन्हा पगारावरच स्वतःला तोलतं. स्तोत्र १३९ रोज वाचतो. देवाने मला अद्भुत रीतीने घडवलंय, असं म्हणणाऱ्या १४व्या वचनापाशी अडखळतो, ते स्वतःबद्दल म्हणवतच नाही.

कुणी यातून गेलंय का? प्रार्थना कशी करत होतात? पाळकांशी बोलायला अजून संकोच वाटतो.