जर्नलचे नवे संपादक आले: आधी जुनी रांग निपटायची की दार अरुंद करायचं? (मंचावरचा धागा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तळटीप
ब्रिटनच्या सोशल पॉलिसी असोसिएशनचं 'जर्नल ऑफ सोशल पॉलिसी' १९७२ पासून निघतं. प्रकाशक केम्ब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस, वर्षाला चार अंक. संपादक पगारी नसतात, आपापल्या विद्यापीठात शिकवून हे काम करतात आणि मुदत संपली की दुसऱ्या चमूकडे सोपवतात. अशा जर्नलांत नवा चमू आला की बहुधा पहिल्याच अंकात भूमिका छापतो: व्याप्ती वाढवू, ग्लोबल साउथला, म्हणजे विकसनशील देशांना, जागा देऊ, तरुण संशोधकांना हात देऊ. माझं म्हणणं, पहिलं वर्षभर हे लिहूच नये. आधी जुन्या चमूकडून वारशात आलेली लेखांची रांग निपटावी.

या रांगेत रिव्ह्यूअर (लेख तपासून अभिप्राय देणारे तज्ज्ञ) न मिळालेले लेख असतात, एक अभिप्राय येऊन दुसऱ्यापायी अडकलेले असतात, सुधारणेसाठी लेखकाकडे गेलेले असतात आणि स्वीकारून अंकाची वाट बघणारे असतात. गोची होते ती सुधारणेला गेलेल्यांची. जुन्या संपादकांनी पत्रात पाच गोष्टी सांगितल्या, लेखकाने सहा महिने खपून त्या केल्या, आणि नवे संपादक तो लेख ताज्या दमाच्या तिसऱ्या रिव्ह्यूअरला धाडतात. तो सहावी गोष्ट काढणारच, त्यासाठीच तर बोलावलाय. निर्णयाचं पत्र जर्नलने दिलेला शब्द असतो. संपादक बदलला म्हणून तो फिरवता येत नाही.

उंटावरचा शहाणा
तत्त्व मान्य, क्रम चुकला. समजा, वर्षाला ४०० लेख येतात आणि छापायचे ५०. निम्मे डेस्कवरूनच, म्हणजे रिव्ह्यूअरकडे न धाडता, परत केले तरी २०० उरतात. प्रत्येकाला दोन रिव्ह्यूअर धरले तर ४०० होकार हवेत. तीन विनंत्यांमागे एक होकार मिळाला तरी १,२०० ईमेल झाले. हे काम चार-पाच प्राध्यापक शनिवार-रविवारी करणार. तुम्ही मागची रांग उपसत बसलात तर पुढून तितकीच भरते.

म्हणून पहिल्या पंधरवड्यात 'लेखकांसाठी सूचना' हे पान बदला. त्यात साफ लिहा: एका योजनेचा नुसता आढावा नको, पाहणीचे आकडे असतील तर नमुना कसा निवडला ते पद्धतीच्या भागातच हवं, शब्दमर्यादेत तळटिपा आणि संदर्भ धरलेत की नाहीत. आणि नकार द्यायचा तर दोन आठवड्यांत द्या. चार महिने ठेवून "आमच्या व्याप्तीत बसत नाही" कळवण्याइतका वाईट नकार नाही, कारण व्याप्ती पहिल्या दिवशीच दिसत असते.

तळटीप
@उंटावरचा शहाणा, डेस्कवरचा झटपट नकार मलाही हवाय. पण सूचना बदलल्या की त्या कोणत्या तारखेपासून लागू हे कोणी लिहीत नाही. जुनं पान वाचून लेख दिलेल्याला नव्या पानावरून नाकारतात, भांडणं तिथे होतात.

कारकून_मनाचा
तुम्ही दोघं धोरणावर भांडताय, घोळ होतो तो लेख हाताळायच्या ऑनलाइन प्रणालीतल्या खात्यांमध्ये. प्रणाली स्कॉलरवन असो की एडिटोरियल मॅनेजर, हस्तांतराच्या आठवड्यात एवढं तरी बघा:

– आपोआप जाणाऱ्या पत्रांच्या नमुन्यांत जुन्या संपादकाची सही राहून जाते. स्मरणपत्रं, स्वीकार, नकार, सगळे नमुने उघडून तपासावे लागतात.
– नव्या संपादकाचा किंवा त्याच्या विभागातल्या सहकाऱ्याचा लेख आधीच प्रक्रियेत असू शकतो. स्वतःच्या लेखाचे रिव्ह्यूअर दिसू नयेत अशी सोय प्रणालीत असते, पण ती माणूस ओळखते खात्यावरून. त्याच माणसाचं जुन्या विद्यापीठाच्या ईमेलवर दुसरं खातं असेल तर संपादक म्हणून आत शिरल्यावर सगळं उघडं! आधी खाती एकत्र करा, मग अधिकार द्या. असे लेख मंडळातल्या तिऱ्हाईताकडे किंवा मावळत्या संपादकाकडे ठेवा.
– तोंडी आश्वासनं प्रणालीत नसतात. परिषदेत चहा घेताना "तुमच्या विषयावर विशेषांक करू" म्हटलेलं असतं. मावळत्या चमूकडून अशी यादी लेखी घ्या. यादीत नाही ते नव्यांवर बंधनकारक नाही.

नवं ते नव्यांकडे, चालू ते जुन्यांकडे, असं तीन महिने दोन्ही चमूंनी बरोबर काम केलं तर धाग्यातला निम्मा वाद मिटतो.

उंटावरचा शहाणा
मिटत नाही. जुन्या संपादकाला तीन महिन्यांत कामातला रस उरत नाही. सुधारित प्रत येऊन पडते आणि दोघांनाही वाटतं, दुसरा बघतोय.

रोहयो_वाचक
दार अरुंद करा म्हणणाऱ्यांनी कोण बाहेर राहतं तेही सांगावं. ते जर्नल निघालं त्याच १९७२ साली, दुष्काळात, महाराष्ट्राने रोजगार हमी राज्यभर नेली. वि. स. पागे यांची कल्पना. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. देशाचा कायदा यायला २००५ उजाडलं. आता यावर लेख पाठवा. "एका राज्याचा अनुभव, आंतरराष्ट्रीय वाचकाला काय?" म्हणून परत येण्याची शक्यता भरपूर. इंग्लंडच्या लीड्समधल्या दोन वस्त्यांवर लिहिणाऱ्याला हा प्रश्न क्वचितच पडतो.

उंटावरचा शहाणा
@रोहयो_वाचक, मुद्दा खरा आहे, पण अर्धा दोष मांडणीचा. सुरुवातीची तीन पानं योजनेचा इतिहास आणि जिल्हानिहाय तक्ते असतील तर परत येणारच. हाच लेख असा सुरू करा: ग्रामीण मजुराच्या कामाच्या हक्कासाठी शहरी नोकरदारावर १९७५ साली व्यवसाय कर बसला, आणि तो राजकीयदृष्ट्या टिकला कसा? सामाजिक धोरणात हा प्रश्न स्वीडनच्या वाचकालाही लागू आहे. नव्या संपादकांनी नकाराच्या पत्रात हे दोन ओळींत सांगावं. साच्यातलं पत्र पाठवलं तर लेखक तेच तक्ते घेऊन पुढच्या जर्नलकडे जातो.

रोहयो_वाचक
म्हणजे सोलापूरच्या माणसाने स्वीडनचा विचार करायचा आणि स्वीडनच्या माणसाने सोलापूरचा नाही. छान.

फोर्टातला जुना वर्गणीदार
संपादकांना मुदत असण्याचं कौतुक जरा जास्तच चाललंय. मुंबईचं 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' बघा. कृष्णराज १९६९ ते २००४ संपादक होते, पस्तीस वर्षं. साप्ताहिकाला वळण लागलं ते त्यामुळे. दर काही वर्षांनी चमू बदलला तर लेखकाला जोपासणार कोण?

कारकून_मनाचा
तिथे पूर्णवेळ पगारी संपादक आणि कार्यालय होतं, मागे समीक्षा ट्रस्ट. बिनपगारी प्राध्यापकाला पस्तीस वर्षं जुंपलं तर जर्नल आणि माणूस दोन्ही थकतील. शिवाय इतक्या काळात एकाच्या आवडीनिवडीचे लेखक साचतात, हे तुम्हीही नाकारणार नाही.

तळटीप
पैशाचं कोणीच काढलं नाही. वाचकाकडून वर्गणी न घेता लेखकाकडून प्रतिलेख शुल्क घेतलं की जास्त लेख म्हणजे जास्त महसूल. वायली या प्रकाशकाने २०२१ साली अशाच शुल्कावर चालणारी हिंदावी ही प्रकाशनसंस्था विकत घेतली. तिथल्या विशेषांकांत बनावट रिव्ह्यू झाल्याचं निघालं आणि हजारो लेख मागे घ्यावे लागले. म्हणून संपादकपद स्वीकारण्यापूर्वी प्रकाशकाबरोबरचा करार मागून वाचा. त्यात वर्षाला किती लेख यावेत याचा आकडा आहे का, पाहुणे संपादक कोण नेमतो, आणि जर्नलचं नाव कोणाच्या मालकीचं? २०१५ साली भाषाशास्त्राच्या 'लिंग्वा'च्या संपादकांनी एकगठ्ठा राजीनामे दिले, पण नाव प्रकाशक एल्सेव्हिअरच्या मालकीचं असल्याने त्यांना 'ग्लोसा' नावाने नवं जर्नल काढावं लागलं. नाव संघटनेकडे असेल तर करार संपल्यावर प्रकाशक बदलता येतो.

उंटावरचा शहाणा
याला पूर्ण अनुमोदन. मात्र करारात आकडा असेल तर तुमची 'आधी रांग निपटा' योजना पहिल्याच तिमाहीत कोसळते. प्रकाशक विचारणार, नवे लेख कुठायत?